कुंडींतील भाजीपाला

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सभागृहांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सव समितीनें जेव्हां आम्हांस सांगितलें कीं, "फादर, एक व्याख्यान आपलेंही व्हावें," तेव्हां समितीच्या मनांत बहुधा ख्रिस्तसभेचा इतिहास किंवा असाच कांहीं भारदस्त विषय असावा. आम्हीं "कुंडींतील भाजीपाला" असें लिहून पाठविलें. चिटणीसांनीं तो कागद दोनदां वाचला आणि "विषय पक्का ना?" असें विचारलें. विषय पक्का आहे. प्रवचन तुम्ही दर रविवारीं ऐकतां. आज केवळ माती, पाणी, ऊन आणि बी यांविषयीं बोलावयाचें आहे. ज्यांना भाजी बाजारांतूनच आणावयाची आहे त्यांनींही थोडा वेळ बसावें, कारण व्याख्यानानंतर चहा आहे.

आपण ज्या भूमीवर बसलों आहों ती वसईची भूमि. तिच्या बागायतीची कीर्ति आम्हीं तुम्हांस सांगावी असें नाहीं. विहिरीवर रहाट, रहाटाला बैल, वाडीच्या कडेला पावसाचें पाणी सांठविणारें बावखल, केळीच्या ओळी, पानवेलींचे मांडव आणि मधल्या जागेंत वांगीं, मुळा, माठ, चवळी, अशी ती रचना होती. केळीं सुकवून सुकेळीं करीत. भाजी व फुलें घेऊन आपल्या माताभगिनी पहाटेच्या गाडीनें दादरच्या बाजारास जात. कांहीं आजही जातात. त्या वाड्या पुष्कळशा राहिल्या नाहींत. हरित वसईसाठीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) आणि त्यांचे सहकारी यांनीं जो लढा दिला तो वयस्कर मंडळींच्या स्मरणांत आहे. त्याची कथा सांगण्याचें हें स्थळ नव्हे. मात्र एक गोष्ट प्रांजळपणें कबूल केली पाहिजे. गेलेल्या वाड्यांविषयीं आपण हळहळतों, पण आपण राहतों त्या इमारती त्याच वाड्यांवर उभ्या आहेत, आणि हें सभागृह जेथें आहे तेथेंही एके काळीं केळी होत्या.

शेत गेलें तें गेलें. परंतु शेत करणाराच्या हातांतील ज्ञानही शेताबरोबर गेलेंच पाहिजे असा कांहीं नियम नाहीं, आणि तें मात्र आपल्या डोळ्यांदेखत जात आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गांतील एका मुलानें आम्हांस विचारलें कीं, कोथिंबिरीचें बी कोठें विकत मिळतें. त्याच्या आजोबांनीं आयुष्यभर कोथिंबीर पिकविली, आणि त्याच्या आईच्या मसाल्याच्या डब्यांत धणे भरलेले आहेत. मुलाचा दोष नाहीं. त्याला कोणीं सांगितलेंच नाहीं. कुंडींत भाजी लावावी असा आग्रह आम्ही धरतों तो याकरितां. कुंडी म्हणजे शेत नव्हे. चार बालद्यांनीं कोणाचाही भाजीचा खर्च सुटत नाहीं, आणि सुटतो असें जो सांगतो त्यानें स्वतः कुंडी लाविलेली नसावी. पण वाडीवर जें ज्ञान लागत होतें तेंच कुंडीलाही लागतें. किंबहुना अधिक काटेकोरपणें लागतें. जमिनींतील रोप पाण्याची हयगय झाली तरी मुळें दूर धाडून निभावून नेतें. कुंडींतील रोपाच्या मुळांना जावयास जागाच नसते.

हें आम्ही कसें शिकलों तें सांगतों, म्हणजे तुम्हांस तोच खर्च पुनः करावा लागणार नाहीं. चार वर्षांपूर्वीं जून महिन्यांत आम्हीं धर्मगुरुनिवासाच्या गच्चीवर बारा जुन्या बालद्या मांडल्या. मागच्या आवारांतील काळी, चिकट माती खणून त्या कांठोकांठ भरल्या. पाणी वायां जाऊं नये म्हणून प्रत्येकीच्या बुडाला एकच बारीक भोंक पाडलें व त्यावर चार बोटें खडे घातले. टोमॅटो, वांगीं, मिरच्या यांचीं उत्तम रोपें आणून लाविलीं. पाऊस आमच्या अपेक्षेपेक्षां उदार निघाला. पानें मलूल दिसूं लागलीं तेव्हां, उघडीप आहे, रोपांना तहान लागली असेल, असें समजून आम्हीं वरून आणखी पाणी घातलें. पंधरा ऑगस्टपर्यंत बाराही बालद्या रिकाम्या झाल्या. सेमिनरींत आम्हांस लॅटिन शिकविलें, तत्त्वज्ञान शिकविलें, ईशज्ञान शिकविलें; रोप बुडून मरतें आणि मरतांना तहानलेलें दिसतें, हें कोणीं शिकविलें नाहीं.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं आम्ही आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन घेऊन जातों. त्या फेरींत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध बागायतदार असत. नांव सांगत नाहीं. आम्ही त्यांना बाबा म्हणत असूं. वाडी विकल्यापासून ते फारसें बोलत नसत. प्रार्थनेचीं उत्तरें देत, हात जोडीत, आणि पुनः भिंतीकडे पाहूं लागत. सप्टेंबरच्या त्या शुक्रवारीं प्रार्थना आटोपल्यावर त्यांनीं आमच्या हातांकडे पाहिलें. हात स्वच्छ धुतलेले होते, तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहिली होती. "फादर, काय लाविलें होतें?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं सारी हकीकत सांगितली. बाबा मोठ्यानें हंसले. सून स्वयंपाकघरांतून धांवत बाहेर आली, इतकें तें हंसणें त्या घरांत नवें होतें.

"भोंकें किती पाडलीं?"

"एक."

"फादर, बालदीचा जन्म पाणी धरण्यासाठीं. आतां तूं बालदी नव्हेस, हें तिला नीट सांगावें लागतें."

त्या महिन्यापासून त्यांचा नातू त्यांना हात धरून संध्याकाळीं आमच्या गच्चीवर आणूं लागला. आज आम्ही जें सांगणार त्यांतलें निम्मेंअधिक त्यांचें आहे.

बालदीला नीट सांगणें म्हणजे असें. बुडाला करंगळी जाईल एवढीं पांच-सहा भोंकें पाडावीं आणि बुडापासून बोटभर उंचीवर कडेलाही दोन-तीन. कुंडी जमिनीवर सपाट टेकवूं नये. दोन विटांवर ठेवावी, म्हणजे भोंकें मोकळीं राहतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या सदैव पाण्यानें भरलेल्या राहिल्या कीं मुळें गुदमरून कुजतात, आणि कुजलेलीं मुळें पाणी ओढूं शकत नाहींत. म्हणून ओल्याचिंब मातींत उभें असलेलें रोप वरून सुकलेलें दिसतें.

खड्यांच्या थराविषयीं मात्र वेगळें सांगावयाचें आहे. या स्पंजाकडे पाहा. आम्हीं तो पाण्यांत बुडवून आडवा धरला आहे. ठिबकणें थांबलें. आतां हाच स्पंज उभा धरतों. पाहा, पुनः धार लागली. स्पंज तोच, पाणी तेंच. केवळ उंची वाढली. कुंडींतील माती अशीच वागते. निचरा झाल्यावरही तिच्या तळाशीं चिंब ओलीचा एक थर राहतोच, आणि त्याची जाडी मातीच्या जातीवर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. उथळ कुंडींत तो थर मुळांना गांठतो. उंच कुंडींत बरींच मुळें त्याच्या वर राहतात. आतां खालीं खडे घातले तर काय होईल? बारीक मातींतलें पाणी खड्यांमधील मोठ्या पोकळींत सहज उतरत नाहीं. वरची माती पुरती भिजेपर्यंत तें तेथेंच अडून बसतें. म्हणजे ओला थर खालीं न जातां चार बोटें वर येतो. भोंकावर खापरीचा एक तुकडा ठेवावा, माती वाहून जाऊं नये एवढ्यापुरता. बाबांस हें पटलें नव्हतें. "आमच्या आईच्या कुंड्यांत खडे असत," एवढेंच ते म्हणत. तेव्हां आम्हीं दोन बालद्या शेजारीं शेजारीं मांडल्या, एकींत खडे, दुसरींत नाहींत, आणि दोहोंत वांगें लाविलें. पावसाळा सरल्यावर बाबांनीं दोन्ही रोपें निरखिलीं व म्हणाले, "बरें, खडे वांचले." त्यांच्याकडून याहून मोठी कबुली कोणासही मिळाली नसती.

वाडीची काळी माती वाडींत सोनें असते. बालदींत तिची वीट होते. म्हणून एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलें शेणखत वा गांडूळखत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा असें मिश्रण करावें, व त्यांत मूठभर निंबाची पेंड घालावी. काथ्याचा भुसा आधीं दोन-तीनदां गोड्या पाण्यांत धुवून पिळावा. नारळाच्या सोडणांत क्षार असतात, आणि सोडणें खाडीच्या पाण्यांत कुजविलेलीं असतील तर ते पुष्कळच असतात. या मिश्रणाचा दुसरा लाभ वजनाचा. २० लिटरांची बालदी नुसत्या मातीनें भरून तिला पाणी घातलें तर तिचें वजन ३० किलोंहून अधिक भरतें. अशा दहा बालद्या सज्जांत ठेवणें म्हणजे चार-पांच धडधाकट माणसें तेथें रात्रंदिवस उभीं करणें होय. जड कुंड्या घराच्या भिंतीलगत ठेवाव्या, सज्जाच्या बाहेरच्या कडेला नव्हे. आणि कठड्यावर कुंडी ठेवणें हा प्रकार आम्हांस मुळींच मान्य नाहीं. खालीं मुलें खेळतात.

भांडें कोणतेंही चालेल. मातीच्या कुंडीच्या अंगांतून पाणी झिरपून वाळतें, त्यामुळें मुळें थंड राहतात, पण पाणी लवकर द्यावें लागतें. तेलाचा पत्र्याचा डबा दोन-तीन पावसाळे टिकतो. रंगाचे, रसायनांचे किंवा कीटकनाशकांचे डबे कितीही धुतले तरी खाण्याच्या वस्तूसाठीं घेऊं नयेत. मेथी, माठ, पालक, कोथिंबीर यांस ६ इंच खोलीचें पसरट भांडें पुरतें. मिरचीस १० इंच, वांगें व टोमॅटो यांस १ फूट, आणि कारलें-दोडका यांस दीड फूट खोल पिंप हवें.

ऊन हा प्रश्न प्रथम विचारावयाचा असतो, आणि बहुतेक जण तो शेवटीं विचारतात. फळभाजीस दिवसाचे सहा तास थेट ऊन लागतें, पालेभाजी तीन-चार तासांवर भागविते. वसई १९ अंशांच्या किंचित् वर, उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हींचा सूर्य आपल्या डोक्याच्या थोडा उत्तरेकडे असतो, आणि बाकी सारें वर्ष दक्षिणेकडे. म्हणून ज्यांचा सज्जा दक्षिणेस आहे त्यांस हिवाळ्यांत भरपूर ऊन मिळतें. त्यांनीं ऑक्टोबरांत टोमॅटो अवश्य लावावा. ज्यांचा उत्तरेस आहे त्यांस दुपारचें ऊन मिळतें तें याच अडीच महिन्यांत, आणि त्यांतले बहुतेक दिवस ढगांनीं व्यापलेले. त्यांनीं टोमॅटोचा हट्ट सोडून अळू व पुदिना लावावा. पूर्वेचा सज्जा सर्वांत सुखाचा. पश्चिमेच्या सज्जांत एप्रिल-मेच्या दुपारीं काळी बालदी हाताला चटका देईल इतकी तापते. तिला बाहेरून गोणपाट गुंडाळावें.

आतां पाणी, जेथें आमची पहिली फजिती झाली. घड्याळ पाहून पाणी घालूं नये. बोट मातींत दुसऱ्या पेरापर्यंत घालून पाहावें. तेथें ओल लागली तर झारी परत ठेवावी. कोरडें लागलें तर बुडाच्या भोंकांतून पाणी ठिबकेपर्यंत घालावें. रोज वरवर शिंपडल्यानें वरचें दोन बोटें भिजतें आणि मुळें वरच घोटाळतात. उन्हाळ्यांत लहान कुंडीस दिवसांतून दोनदां पाणी लागेल, पावसाळ्यांत आठ-आठ दिवस लागणार नाहीं. मेंतही पाणी सकाळींच द्यावें. आपल्या पश्चिम पट्ट्यांतील पुष्कळ विहिरी खाऱ्या झाल्या आहेत, हें तुम्ही जाणतांच. भूगर्भांतील गोडें पाणी जसजसें उपसलें जातें तसतसें समुद्राचें पाणी आंत सरकतें. असें मचूळ पाणी कुंडींत दिलें तर रोप पाणी पितें आणि मीठ मागें ठेवितें. महिन्या दोन महिन्यांत मातीवर व कुंडीच्या अंगावर पांढरा थर धरतो, पानांच्या कडा करपतात. अशा वेळीं पावसाच्या वा नळाच्या पाण्यानें कुंडी दोन-तीनदां भरपूर धुवून काढावी. वातानुकूलन यंत्राच्या नळींतून जें पाणी फुकट ठिबकत असतें तें हवेंतील वाफेचें बनलेलें, जवळजवळ क्षाररहित असतें. तें बालदींत धरावें. उलट, पिण्याचें पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांतून जें पाणी बाहेर टाकलें जातें त्यांत क्षार एकवटलेले असतात. तें फरशी पुसावयास ठीक, कुंडीस नव्हे.

पाण्यावरून भांडणेंही होतात. गेल्या वर्षीं एका इमारतींतील असें भांडण आमच्यापर्यंत आलें. वरच्या मजल्यावरील एका भगिनीच्या नऊ कुंड्या होत्या. त्यांचें गढूळ पाणी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या मुलांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर पडलें, आणि तें एकदांच नव्हे. इमारतीच्या समितीनें आठ दिवसांत कुंड्या हलविण्याची नोटीस दिली. भगिनी डोळ्यांत पाणी घेऊन आमच्याकडे आल्या. आम्हीं त्यांची बाजू घ्यावी अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही दोन्ही घरीं गेलों, सदरे पाहिले, आणि आम्हांस म्हणावें लागलें कीं खालच्या बाईंचें बरोबर आहे. शेवटीं ठरलें असें: प्रत्येक कुंडीखालीं खोलगट ताटली ठेवावी आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासानें ताटलींतलें पाणी ओतून टाकावें. ओतून टाकणें हें महत्त्वाचें, कारण डेंग्यूचा डांस असल्याच सांठलेल्या पाण्यांत अंडीं घालतो आणि अंड्याचा डांस होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. समितीनें नऊपैकीं सहा कुंड्यांस अनुमति दिली. उरलेल्या तीन आमच्या गच्चीवर आहेत. भगिनी रविवारीं मिस्सा झाल्यावर त्यांस भेटून जातात, आणि आम्हीं त्यांची निगा नीट ठेविली आहे कीं नाहीं तें पाहतात.

खताविषयीं थोडक्यांत. कुंडीला वारंवार पाणी दिल्यानें खताचा कस भोंकांतून वाहून जातो. जोरदार पावसानंतर तर पुष्कळच. म्हणून एकदम भरमसाट न घालतां पंधरा दिवसांनीं मूठभर घालावें. घरच्या भाजीच्या सालींचें खत करावयाचें तर ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला घालावा; दुर्गंधि येते ती पाला कमी पडल्यामुळें. किडींसाठीं लिटरभर पाण्यांत चमचाभर निंबोळीचें तेल व थोडें साबणाचें पाणी मिसळून संध्याकाळीं फवारावें. कबुतरांवर मात्र आम्हांस अद्याप उपाय सांपडलेला नाहीं. कोणास सांपडला असल्यास चहाच्या वेळीं सांगावा.

प्रथम काय लावावें, असें विचाराल तर मेथी. तीन-चार दिवसांत उगवते व महिन्याच्या आंत खुडावयास येते, त्यामुळें नवशिक्याचा धीर सुटत नाहीं. कोथिंबिरीसाठीं धणे चपलेनें नव्हे, तळहाताखालीं अलगद रगडून दोन फांकी कराव्या. प्रत्येक धण्यांत दोन बिया असतात. उगवावयास आठ-दहा दिवस लागतात, तोंवर माती उकरून पाहूं नये. टोमॅटोचें रोप लावतांना खालचीं पानें काढून दांडा निम्मा मातींत पुरावा. पुरलेल्या दांड्यास मुळें फुटतात. टोमॅटोला रात्री गार लागतात. उष्ण रात्रींत फूल येतें आणि गळून पडतें, म्हणून आपल्याकडे तो हिवाळ्यांतच साधतो. फळाच्या बुडाला काळा डाग पडला तर ती कीड समजूं नये. कधीं कोरडें, कधीं चिंब अशा पाण्यामुळें फळाला चुना पुरेसा पोहोंचत नाहीं, त्याचा तो परिणाम.

मिरची लावतांना एक गंमत लक्षांत ठेवावी. मिरची ही मूळची अमेरिकेची. कोलंबस १४९२ मध्यें तिकडे पोहोंचला त्यापूर्वीं आपल्या देशांत ती नव्हती. तिखटपणासाठीं मिरी, पिंपळी व आलें असे. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती या किनाऱ्यावर आली, आणि वसई त्यांच्या ताब्यांत १५३४ पासून १७३९ पर्यंत होती. बालदी हा शब्दही पोर्तुगिजांचाच. तेव्हां बालदींत मिरची लावणें हें शहरी खूळ आहे असें जर कोणी वडीलधारे म्हणाले, तर त्यांस नम्रपणें सांगावें कीं हें खूळ निदान चारशें वर्षांचें आहे.

वेलींच्या बाबतींत मुलांची मदत घ्यावी. कारलें, दोडका, दुधी यांस नर व मादी अशीं फुलें निरनिराळीं येतात. मादी फुलाच्या मागें इवलेंसें फळ आधींच दिसतें. नराच्या मागें नुसता देंठ. उंच मजल्यांवर मधमाशी क्वचितच येते, मग तें इवलें फळ पिवळें पडून गळतें आणि लोक म्हणतात बी खोटें. नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागें दुमडून, मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवावें. मात्र वेळ सांभाळावी: कारल्याचें फूल सकाळीं उमलतें, दोडक्याचें व दुधीचें संध्याकाळीं. आमच्या वर्गांतील मुलें हें काम आमच्याहून चांगलें करतात. ज्या मुलानें कोथिंबिरीचें बी विचारलें होतें त्यानेंच आमच्या पिंपांतील दोडक्याचीं सात फळें धरविलीं.

वालाच्या वेलीची हकीकत सांगून संपवितों. बाबांच्या खाटेखालीं पत्र्याचा एक डबा असे. त्यांत राखेंत मुरविलेलें वालाचें बी होतें, त्यांच्या वाडीचें. त्यांतलें थोडें त्यांनीं आम्हांस दिलें व "पाऊस लागला कीं लावा" असें सांगितलें. आम्हांस धीर कोठचा? आम्हीं तें फेब्रुवारींत पेरलें. वेल अशी माजली कीं मेपर्यंत तिनें गच्चीचा अर्धा कठडा व्यापला, पण फूल म्हणून एक नाहीं. आम्हीं शेणखत दिलें. पानें आणखी वाढलीं. शेवटीं आम्ही ती उपटावयास निघालों तेव्हां बाबांनीं हात धरला. "वेल दिवस मोजते, फादर. रात्र मोठी होऊं लागली कीं आपोआप शहाणी होईल." पुढें आम्हीं पुस्तकांत पाहिलें, तों बाबांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. गांवठी वालाला फूल येण्यास लहान दिवस व लांब रात्री लागतात. पावसाच्या आरंभीं पेरलें काय किंवा फेब्रुवारींत पेरलें काय, वेल फुलते ती पावसाळ्यानंतरच. आम्हीं केवळ चार महिने अधिक पाणी घातलें. नोव्हेंबरांत ती जांभळ्या फुलांनीं भरली आणि त्या नाताळांत धर्मगुरुनिवासांत वालपापडीची भाजी झाली. बाबांसाठीं आम्हीं डबा पाठविला. "मीठ अधिक आहे," असा त्यांचा उलट निरोप आला.

बाबा गेल्या वर्षीं उपवासकाळांत वारले. त्यांच्या सुनेनें तो पत्र्याचा डबा आमच्याकडे आणून दिला. वाल हा बहुधा आपल्याच फुलांतील परागानें फळतो, त्यामुळें त्याचें बी घरीं धरलें तरी वाण बिघडत नाहीं. संकरित बियाण्याचें तसें नसतें, त्याची पुढली पिढी कशी निघेल याचा भरंवसा नाहीं. गेल्या पावसाळ्यांत तें बी आपण अकरा घरीं लाविलें. आठ घरीं शेंगा धरल्या, दोन घरीं कबुतरांनीं कोंब खाल्ले, एका घरीं ऊनच नव्हतें.

दाराजवळच्या मेजावर पुड्या ठेविल्या आहेत. एका घरास एक पुडी, पुडींत बारा बिया. पेरणी जूनच्या अखेरीस करावी. फेब्रुवारींत कां करूं नये तें सांगितलेंच आहे. एका बालदींत दोनच बिया, बोटाच्या एका पेराइतक्या खोल. डिसेंबरांत शेंगा येतील तेव्हां चांगल्या वेलीवरच्या पहिल्या पांच-सहा शेंगा भाजीला न तोडतां वेलीवरच वाळूं द्याव्या, आणि त्यांतल्या चोवीस बिया फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे परत आणून द्याव्या. ज्यांना वेल नको त्यांच्यासाठीं मिरचीचीं रोपें आहेत, घरटी दोन. बालदी मात्र ज्याची त्यानें पाहावी. धर्मगुरुनिवासांत आतां एकही शिल्लक नाहीं.